हळद लागलेला बोका

मांजर पाळणाऱ्या माणसाला मी जन्मभर हसत आलो. कुत्रं पाळणारा मला कळतो. कुत्रं राखण करतं, भाकरीला जागतं. म्हैस कळते, शेळी कळते, कोंबडी तर लयच कळते. पण मांजर घरात राहतं ते आपल्यावर उपकार केल्यासारखं. हाक मारली तर कान हलवतं, बूड हलवत नाही. उंदीर धरतं म्हणतात. मी ज्या हळदीच्या वखारीत हमाल होतो तिथं आठ मांजरं होती, आणि उंदीर असे माजलेले की त्यांनी मनावर घेतलं असतं तर मांजरं धरली असती.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. गेलो म्हणतोय, पास झालो म्हणत नाही. पुढचं शिक्षण सांगलीच्या मार्केट यार्डात, पाठीवर झालं. तीस वर्षं हळदीची पोती वाहिली. थप्पीच्या अगदी वरच्या थराला पोतं लावायचं असलं की मुकादम दुसऱ्या कुणाला हाक मारत नव्हता. ही बढाई नाही, यार्डात जाऊन कुणालाही विचारा. नव्वद साल उलटून गेल्यावर गुडघ्यानं दगा दिला आणि मी घरी बसलो.

लेक साताऱ्याला दिली आहे. घरी बसल्यावर पहिल्यांदाच तिच्याकडं चार दिवस राहायला गेलो. तिच्या शेजारी एक रिटायर मास्तर होते. त्यांच्या घरात तीन मांजरं. एक टीव्हीच्या डोक्यावर झोपायचं, एक पुस्तकांच्या कपाटावर, आणि तिसरं मास्तरांच्या मांडीवर. पाहुणा आला तर बसायला जागा नाही, पण मांजराला तीन मजले.

मास्तर मला समजावून सांगायला लागले. "मांजर हा स्वाभिमानी प्राणी आहे बरं का. कुत्र्यासारखी लाचारी नाही त्याच्यात."

मी म्हटलं, "गुरुजी, सकाळी दुधाची पिशवी आली तवा ह्यो स्वाभिमान तुमच्या पायात गडबडा लोळत हुता. मी गॅलरीतनं बघितला."

मास्तर हसले, पण मागं हटले नाहीत. शिकलेला माणूस मागं हटत नसतो, तो दुसरा मुद्दा काढतो. म्हणाले, मांजर मांडीवर घुरघुरलं की माणसाचं मन शांत होतं. मी म्हटलं, "आमच्यात मी रोज घोरतो. अजून कुणाचं मन शांत झाल्यालं ऐकलं न्हाई."

तेवढ्यात चहा आला. मास्तरांनी एक घोट घेतला आणि मांडीवरच्या मांजराला विचारलं, "काय बाईसाहेब, आज चहात साखर घालायची विसरलं वाटतं कुणीतरी?"

आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "म्हणावं, डॉक्टरांनीच विसरायला सांगितलीय."

"बाईसाहेब, अर्धा चमचा चालतो असंही डॉक्टर म्हणाले होते."

"म्हणावं, तो काल संपला."

मांजर गाढ झोपलेलं. मी मनात म्हटलं, दोन शिकलेली माणसं, भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून मांजराशी बोलतात, आणि लाज दोघांनाही नाही. सांगलीला परत आल्यावर मी ही गोष्ट बायकोला आठ दिवस रंगवून सांगितली. मास्तरांचा आवाज काढून दाखवला. ती पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, मास्तरांना हसतीय.

महिन्याच्या आत आमच्या मागच्या दारातून एक पांढरा बोका आत आला आणि राहिला. मी म्हटलं हाकल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. तुमी वखारीतनं घरी आलासा, तुमच्या मागनं उंदरंबी आली."

आता आमच्या भागातली रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीवरच घडलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पस्तीस वर्षं मी माझ्या घरात 'आवं' या नावानं नांदतोय. आवं, ऐकलं का. आवं, जेवायला या. घरात हा शब्द निघाला की तो माझा, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. आणि हिनं त्या बोक्याला 'आवं' म्हणायला सुरुवात केली. आवं, या. आवं, बसा. आवं, वाईच सरका तिकडं, केर काढायचाय.

मी विचारलं, "आगं, बोक्याला कोन आवं म्हनतं?"

"मग काय म्हनू?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "दिसभर भिताडाला टेकून बसत्यात. जेवायच्या येळंला बराबर उठत्यात. कालवण न्हाई आवडलं तर तोंड फिरवत्यात, पन काय पायजे ते सांगत न्हाईत. अरं-तुरं करायला जीभच वळत न्हाई माजी."

मी भिंतीला टेकून बसलो होतो, तो सरळ बसलो.

एकदा तीन पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले. मी बाहेरच्या खोलीत त्यांच्याशी यार्डातल्या गोष्टी बोलत होतो. वरच्या थराची गोष्ट रंगात आली होती. इतक्यात आतून हाक आली, "आवं, या की आत. दूध निवालंय."

दुपारी दूध प्यायची सवय मला कधीच नव्हती. पण म्हटलं, पाहुण्यांसमोर मालकाचा मान राखतीय बायको. पाहुण्यांना म्हटलं, "बसा, आलो," आणि ऐटीत उठून आत गेलो. आत मोरीजवळ जमिनीवर वाटी. बोका माझ्या दोन पायांतून पुढं गेला आणि वाटीत तोंड घातलं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "तुमी कशाला आलासा?"

हळू बोलायची तिला सवय नाही. बाहेर एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला. संध्याकाळपर्यंत यार्डात बातमी. मी दुपारचा तिथं कट्ट्यावर जाऊन बसायचो, तर ज्यांना मी पोत्याला हूक लावायला शिकवला ती पोरं विचारायला लागली, "काय म्हातारबा, दूध निवालं का न्हाई?"

मुकादमाला मात्र दया आली. तो म्हणाला, "गड्या, मारू नगंस हां. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर न्यावं लागतंय. पोत्यात घाल, नदीपल्याड न्हे आन सोड. पानी वलांडलं की मांजराला वाट गावत न्हाई."

संक्रांतीनंतरचे दिवस होते. बायको एका दुपारी हळदीकुंकवाला गेली. मी यार्डातून एक रिकामं बारदान आणून ठेवलंच होतं. बोका माझ्या अंथरुणावर झोपलेला. उचलून बारदानात घातला, तोंड सुतळीनं बांधलं, सायकलच्या कॅरिअरला लावला आणि पुलावर आलो. बोका पठ्ठ्या शांत होता. पुलाच्या मध्यावर एक ओळखीचा माणूस भेटला.

"काय न्हेताय?"

"कांदं."

पोत्यातून आवाज आला.

तो म्हणाला, "लय कोवळं दिसत्यात," आणि निघून गेला.

नदीपल्याड उसाच्या कडेला मी पोतं सोडलं. बोका बाहेर आला, माझ्याकडं पाठ करून बसला आणि अंग चाटायला लागला. माझ्याकडं बघायची गरजसुद्धा त्याला वाटली नाही. मीही मागं वळून बघितलं नाही. बारदान तिथंच टाकलं आणि घरी आलो. माठातलं पाणी स्वतः घेतलं, प्यालो, पडलो.

बायको आली ती तिळगुळाची पुडी घेऊन. मागच्या दारात जाऊन तिनं हाक मारली, "आवं."

मी म्हटलं, "काय?"

"तुमास्नी न्हवं."

तिनं आणखी दोनदा हाक मारली. मग दार ओढून घेतलं आणि चूल पेटवली. कुठं गेला असेल, कुणी नेला असेल, काही नाही. मला वाटलं, सुटलो.

दोन दिवस घर कसं माझं वाटलं. 'आवं' म्हटलं की मीच. पण तो शब्द यायचा कधी, तर भाकरी वाढली की आणि आंघोळीचं पाणी काढलं की. बाकी दिवसभर घरात आवाज नाही. तिसऱ्या दिवशी मला चुकल्यासारखं व्हायला लागलं, आणि काय चुकतंय तेच कळेना. नेहमीसारखा बाहेरच्या खोलीत बाजेवर पडून होतो. आतून ताटाचा आवाज, पळीचा आवाज, पण बोलणं नाही.

मग ध्यानात आलं. बोका असताना मी ह्याच बाजेवर पडून सगळं ऐकत होतो. "आवं, लेकीच्या सासूचा दमा वाढलाय म्हनं, एक कार्ड टाकाय पायजे कुनीतरी." मी उठून पोस्टातून कार्ड आणायचो. "आवं, रॉकेल तळाला गेलंय." मी डबा घेऊन रांगेत उभा राहायचो. मला कुणी काही सांगितलेलं नसायचं. मला वाटायचं, माझं घरात किती लक्ष आहे बघा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं ती बोलायची बोक्याला आणि लागायचं मला, आणि मी मात्र जन्मभर हुशार.

काही काही गोष्टी लागायच्या नाहीत, त्या मी बोक्यावर सोडून द्यायचो. "आवं, गुडघं लय दुखत्यात, तेल चोळनारं कोन हाय आमाला." हे बोक्यानं बघावं. आणि आणखी एक होती. दिवाळीपासून ती अधूनमधून सांगायची, "आवं, डोळ्याम्होरं धुकं आल्यागत दिसतंय. सुईत दोराच जाईना." हेही मी ऐकलं होतं. बोक्याला सांगतीय म्हणून कूस बदलून झोपलो होतो.

पाचव्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर चहा ओतत होती. निम्मा चहा कपाच्या बाहेर, बशीतून खाली. तिला कळलं नाही. मग बघितलं तर तिनं कपाच्या काठाला बोट लावलं होतं, चहा कुठवर आला ते बोटाला चटका बसल्यावर समजावं म्हणून. किती दिवस असं करत होती कोण जाणे.

मी विचारलं, "डोळ्याला काय झालंय?"

"कुटं काय." आणि फडकं घेऊन फरशी पुसायला लागली. फडकंही सांडलं होतं तिथं फिरत नव्हतं, वीतभर बाजूला फिरत होतं.

पुन्हा विचारलं, पुन्हा "काय न्हाई." पस्तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, मग तिला तरी उत्तर द्यायची सवय कशी असणार. बोक्यानं विचारलं असतं तर तासभर सांगितलं असतं. साताऱ्याच्या मास्तराची मांडी आठवली आणि त्या माणसाला उगाच नावं ठेवली असं वाटलं. पण थोडंच वाटलं.

आठव्या दिवशी सायकल काढली आणि नदीपल्याड गेलो.

बोका हुडकायचा तर हाक मारायला पाहिजे. मी मने मने केलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं, ओठ पुढं काढून फिस फिस केलं. गावातली तीन परकी मांजरं आली. आमचा बोका एकाच हाकेला येणारा, आणि ती हाक भर गावात, भर दिवसा, मी मारायची होती. तीस वर्षं यार्डात ज्यानं मान खाली घातली नाही त्यानं. घातली असेल तर पोत्याखाली.

उसाच्या कडेला जाऊन हळूच म्हटलं, "आवं." काही नाही. गावात शिरलो, जरा मोठ्यानं म्हटलं, "आवं, या की."

पानाच्या टपरीवर चार माणसं बसली होती. एकानं मान वर केली. "म्हातारबा, मालक हरवलं व्हय तुमचं?"

दुसरा म्हणाला, "का आमच्या गावात नांदाय आलायसा?"

मी म्हटलं, "बोका हरवलाय."

"मग आवं कशाला?"

"त्येचं नाव त्येच हाय."

ती चौघं जी हसली, ती टपरीवाल्यानं चुन्याचा डबा सांडेपर्यंत हसली. मी उभा राहिलो. हसून झाल्यावर एकानं डोळे पुसत विचारलं, "पिवळा हाय का? वरच्या आळीच्या अक्कांकडं एक पिवळा बोका आलाय."

"पांढरा हाय."

"मग त्यो न्हवं. ह्यो पिवळाजर्द हाय. नुसता हळदीचा नवरदेव."

मी दहा पावलं पुढं गेलो आणि थांबलो. सायकलच्या हँडलवर माझे हात होते. नखं बघितली. घरी बसून वर्ष उलटलं तरी नखांच्या कडा पिवळ्या, बंडी पिवळी, धोतराचा काठ पिवळा. ज्याच्या भुवयांतसुद्धा तीस वर्षं हळद बसली त्याला बारदान झटकायचं कसं सुचणार. मला ते रिकामंच दिसलं होतं. बायको हळदीकुंकवाला गेली होती आणि मी घरी बोक्याला हळद लावत होतो.

अक्का म्हणजे एका जैन शेतकऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई. पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या, आणि बोका त्यांच्या शेजारी गादीवर. पाठ पिवळी, डोकं पिवळं, कान तर केशरी. जिथवर जीभ पोचली तेवढं पोट पांढरं. त्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही, तरी आठ दिवस दूधभातावर बोका गुबगुबीत झाला होता. मला बघून त्यानं डोळे मिटले.

अक्का म्हणाल्या, "दारात आला त्यो हळद लावूनच. म्हटलं, लगीन मोडून पळालाय बिचारा, ऱ्हाऊ दे. कुनीतरी नालायकानं बारदानात घातला हुता बगा, उसाच्या कडंला अजून पडलंय."

मी म्हटलं, "असत्यात एकेक."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. "वखारीत हुतासा व्हय?"

"तीस वर्सं."

"दिसतंय." आणखी दोन शेंगा फोडल्या. "मग आता कशाला न्हेताय परत? तुमास्नी त्येची माया आसंल आसं काय दिसत न्हाई."

खोटं बोलायला बराच वाव होता. उंदीर झालेत म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते, "घरात बोलनं बंद पडलंय."

अक्कांनी शेंगा खाली ठेवल्या. म्हणाल्या, "आमचं मालक गेल्यापासनं मी म्हशीसंगं बोलती. पन म्हस उलटं बोलती." मग आत जाऊन बांबूच्या दोन पाट्या आणल्या, एकीत बोका बसवला, दुसरी वर पालथी घातली, आणि दोरी स्वतः बांधली. माझ्या गाठीवर त्यांचा विश्वास नव्हता.

परतीच्या वाटेवर सगळा पूल ओलांडेपर्यंत मी उत्तर जुळवत होतो. बायको पहिल्यांदा रंग विचारणार. सांगायचं की पल्याडच्या गावात लग्न होतं, पोरांनी चेष्टेनं हळद फासली. दोनदा मनात म्हणून बघितलं, पटण्यासारखं होतं.

ती मागच्या दारात उन्हाला बसली होती. मी पाटी सोडली. "आवं, या," म्हणाली आणि बोका गेला, तिच्या मांडीवर चढला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "आवं, कुटं गेला हुतासा? जेवला-बिवला का न्हाई?"

मी उत्तर तयार ठेवून उभा राहिलो. तिनं रंगाचं विचारलंच नाही. लख्ख ऊन होतं, हिरव्या लुगड्यावर पिवळाजर्द बोका बसला होता, आणि ती त्याच्याकडं बघत होती. बघत होती म्हणजे तोंड तिकडं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग तिनं तोंड खाली नेलं आणि त्याच्या मानेचा वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"आवं," ती बोक्याला म्हणाली, "तुमच्या अंगाला ह्यांच्या बंडीचा वास येतोय की. बारदानात बसून गेला हुतासा व्हय? त्या दिशी माठावरचा पेला हाताला वला लागला. जन्मात ह्यांनी हातानं पानी घेतलं न्हाई, तवाच मला वाटलं हुतं."

आठ दिवस तिला माहीत होतं. मी खाली बसलो आणि बोक्याकडं बघितलं.

म्हटलं, "आवं, सांगा त्यास्नी. चुकलं म्हनावं."

बोक्यानं कान हलवला.

"आन म्हनावं, उद्या मिरजेला जायचंय, डोळं दावायला."

ती बोक्याला म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, मला मिरजंतलं काय ठावं न्हाई. मी एकली जायची न्हाई."

"म्हनावं, एकलं सोडतंय कोन."

"म्हनावं, आदीच इचारायचं हुतं."

ह्यावर बोका उठला आणि वाटीकडं गेला. आमचं काय ते आम्ही बघावं, असं त्याचं मत पडलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, आधी एका डोळ्याचा काढला. मी तिथं पाच दिवस जमिनीवर झोपलो. नर्सबाईनं विचारलं, घरी कोण आहे, तर बायको म्हणाली, "एक हायत, त्यांना शेजारनी दूध देत्यात." मी बाजूलाच उभा होतो. नर्सबाई माझ्याकडं बघायला लागली.

महिन्यानं हिरवी पट्टी सुटली. घरी, सकाळी, मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. बोका माझ्या शेजारी, तोही टेकून. अजून त्याच्या कानामागं पिवळं राहिलं होतं. ती आतून चहा घेऊन आली. कपाच्या काठाला बोट नव्हतं. दारात थांबली, त्या एका डोळ्यानं आमच्याकडं बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "आवं, किती वो पिवळं झालायसा."

मी आणि बोका, दोघांनीही वर बघितलं. दोघांपैकी कुणाला म्हणाली ते मी काही विचारलं नाही. कप घेतला.